सव्वा इंचाचे दार

पक्ष्यांसाठी घर विकत घेणारा गृहस्थ बहुधा त्या घराच्या छपराकडे पाहतो, रंगाकडे पाहतो, हौसेने लावलेल्या लटक्या खिडक्यांकडेही पाहतो. परंतु त्या घरात कोण राहावयास येणार, किंबहुना कोणी येणार की नाही, हे ज्या एका गोष्टीवर सर्वस्वी अवलंबून असते त्या भोकाकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते, आणि विक्रेत्याचे तर त्याहूनही क्वचित. रोपवाटिकांच्या दाराशी आणि प्रदर्शनांच्या मांडवांत टांगलेली ही घरे पाहिली म्हणजे ती पाखरांसाठी नसून पाखरे आवडणाऱ्या माणसांसाठी केलेली असावीत असे वाटू लागते. भोक कधी इंचभर, कधी तीन इंच. सुताराच्या हाताशी त्या दिवशी जे गिरमिट असेल त्या मापाचे. मग वर्षभर ते घर रिकामे राहते, आणि ‘हल्ली चिमण्याच उरल्या नाहीत’ असा ठराव करून मालक मोकळा होतो.

मुळात असे घर प्रत्येक पाखराच्या उपयोगाचे नसतेच. सुगरण आपला खोपा विणते, शिंपी पाने शिवतो, बुलबुल झुडपाच्या बेचक्यात किंवा आपल्याच गॅलरीतल्या वेलीवर उघडे घरटे बांधतो, आणि होला चार काटक्या आडव्यातिडव्या टाकून त्यालाच संसार म्हणतो. यांच्यापैकी कोणालाही आपण सागवानी महाल बांधून दिला तरी तो त्यात पाऊल टाकणार नाही. पेटीचा उपयोग झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, भिंतीच्या भोकात अंडी घालणाऱ्यांनाच, आणि त्यांचेही दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग स्वतः ढोली कोरणाऱ्या कारागिरांचा: सुतार आणि तांबट. उन्हाळ्याच्या भर दुपारी एकसुरी ठोके देत बसणारा तांबट वठलेल्या फांदीला, पुष्कळदा तिच्या खालच्या अंगाने, असे नेमके वर्तुळ पाडतो की कंपास लावून काढले असावे. दुसरा वर्ग चिमणी, साळुंकी, दयाळ, राखी वल्गुली, पोपट, पिंगळा, नीलपंख, हुदहुद अशा मंडळींचा. यांच्यापाशी कोरण्याचे हत्यार नाही. पोपट आयते भोक कुरतडून रुंद करतो एवढेच. सुताराने सोडलेली ढोली, कुजून पडलेली पोकळी, इमारतीतली फट, जे आयते मिळेल त्यावर यांची वहिवाट सुरू होते. शहरांत वठलेली फांदी दिसली की ती धोकादायक ठरून ताबडतोब उतरवली जाते, आणि त्या फांदीबरोबर कारागीर आणि त्यांचे भावी भाडेकरू अशा दोघांचीही जागा जाते. आपली लाकडी पेटी ही त्या वठलेल्या फांदीची बदली आहे. तेव्हा तिचे दार कसे असावे हे आपल्या आवडीने ठरवायचे नसून ढोलीच्या कायद्याने ठरवायचे आहे.

तो कायदा असा की, ढोलीत राहणारा पक्षी आपले अंग जेमतेम घासून आत जाईल एवढेच भोक पसंत करतो. त्याहून मोठे भोक म्हणजे आपल्याहून मोठ्या शत्रूला दिलेला परवाना. चिमणी शिरते त्या भोकातून कावळ्याची फार तर चोच जाते. पण तेच भोक दुप्पट झाले की आधी साळुंकी येऊन चिमणीचे बिऱ्हाड बाहेर फेकते, आणि ती आली नाही तर टकाचोर येतो, ज्याला पिल्ले उचलण्याच्या कामात शेपटीचीदेखील अडचण होत नाही. म्हणून दाराचा व्यास हा केवळ कोणाला आत घ्यावे याचा नव्हे, तर कोणाला बाहेर ठेवावे याचा हिशेब आहे. आणि माझ्या मते, पेटी करणाऱ्याने आधी दुसरा प्रश्न सोडवावा, पहिला आपोआप सुटतो.

या हिशेबाचा शास्त्रशुद्ध पाया घालण्याचे श्रेय जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातल्या बॅरन फॉन बर्लेप्श या जमीनदाराकडे बरेचसे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्या झेबाख येथील गढीच्या परिसरात त्याने पक्षिसंवर्धनाचा जो उद्योग आरंभला, त्यात त्याने सुतारपक्ष्याच्या ढोल्या उभ्या चिरून त्यांचा आतला आकार अभ्यासला, आणि ओंडके आतून तसेच कोरून, सुरईसारखा निमुळता तळ ठेवून, निरनिराळ्या मापांच्या दारांची कृत्रिम घरे तयार करविली. इंग्लंडात त्याच्याही आधी चार्ल्स वॉटर्टन या विक्षिप्त जमीनदाराने यॉर्कशायरमधील आपल्या वॉल्टन हॉलच्या आवारात घुबडांसाठी दगडी घर आणि पाणभिंगऱ्यांसाठी भोकांची भिंत बांधली होती. शिकारीशिवाय पाखरांकडे पाहणे हे तेव्हा जमीनदाराला शोभणारे काम नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोघांच्या हट्टाचे मोल कळते.

आपल्याकडे अशा उद्योगाची गरज फार उशिरा भासली, कारण आपली घरेच मुळी भोकांची होती. कौलारू छपराची वळचण, तुळईच्या आणि भिंतीच्या मधली फट, कडीपाटावरची पोकळी, दिवळी, कोनाडा, आणि बैठकीत खिळ्याला टांगलेल्या, पुढे कललेल्या पूर्वजांच्या तसबिरींची मागची बाजू. या सर्व जागा चिमणीच्या नावावर जणू इनाम लागलेल्या होत्या, आणि घरातली वडीलधारी माणसे गवताच्या काड्या झाडताना कुरकुरत असली तरी अंडी असलेले घरटे कोणी काढू देत नसत. गडकोटांच्या आणि जुन्या घाटांच्या भिंतींत बांधकामाच्या वेळी परांचीच्या लाकडांसाठी ठेवलेली जी चौकोनी भोके पुढे बुजवलीच गेली नाहीत, त्यांत आजही साळुंक्या आणि पोपट नांदताना दिसतात. सिमेंटच्या सपाट भिंतीने, सरकत्या काचेच्या तावदानाने आणि बंदिस्त गिलाव्याने ही सारी तरतूद एका पिढीच्या आत रद्द केली.

भोकाला पक्षिजगतात किती किंमत आहे याचा एक विलक्षण दाखला सालिम अली यांच्या बालपणात सापडतो. १९०६-०७ च्या सुमारास, म्हणजे दहाएक वर्षांचे असताना, तेव्हा गाव असलेल्या चेंबूरला तबेल्याच्या भिंतीतील भोकापाशी एका खिळ्यावर बसणाऱ्या नर चिमण्याला त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपले. मादी आत अंड्यांवर होती. थोड्याच वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर हजर! सात दिवसांत असे आठ नर त्यांनी मारले, आणि प्रत्येक वेळी मादीपाशी नवा जोडीदार जणू प्रतीक्षायादीतून आला. पुढे जगन्मान्य पक्षिशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी ही नोंद आपल्या आत्मचरित्रात, कसलीही सारवासारव न करता, छापली. त्या प्रसंगातले क्रौर्य क्षणभर बाजूला ठेवले तर त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते: चांगले भोक ताब्यात असलेल्या मादीला वराची वाण कधी पडत नाही; वाण पडते ती भोकाची.

आता प्रत्यक्ष मापांकडे वळू. चिमणीसाठी दार ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाचे असावे. दोन-चार मिलिमीटर अधिक झाले तर आकाश कोसळत नाही; परंतु ४० च्या पुढे गेले की दार चिमणीच्या हातचे जाऊन साळुंकीकडे झुकू लागते. पेटीचा तळ आतून निदान १० सेंटिमीटर लांब-रुंद हवा, थोडा अधिक असल्यास उत्तम, कारण चार-पाच पिल्ले पंख फुटताना जागा मागतात. पण ज्या मापाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते निराळेच आहे. भोकाची खालची कड आणि पेटीचा तळ यांत किमान साडेबारा सेंटिमीटरांचे अंतर पाहिजे. हे अंतर कमी असले तर बाहेर बसलेल्या मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच सरळ पिल्लांपर्यंत पोहोचते, आणि उतावळे पिल्लू वेळेआधीच दाराशी येऊन खाली पडते. मात्र इतक्या खोल पेटीतून वर चढावयाचे तर पायाला आधार लागतो. म्हणून दाराच्या फळीची आतली बाजू रंधून गुळगुळीत करू नये, उलट पटाशीने आडव्या खाचा पाडाव्यात.

दाराखाली बसायला दांडी लावण्याची जी सार्वत्रिक चाल आहे ती तर निखालस घातक आहे. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला दांडीची गरज नाही. तो सरळ कडेवर येऊन बसतो आणि आत शिरतो. दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला, स्वस्थ बसून आत डोकावण्यासाठी. तीच गोष्ट घराला जोडलेल्या दाण्याच्या तबकाची. खाणावळ आणि सूतिकागृह एकाच दारात चालवले तर गर्दी कोणाची होईल हे सांगावयास नको. साखळीने टांगून वाऱ्यावर झुलणारे घर चित्रात सुंदर दिसते. चिमणीला मात्र भिंतीला पक्के ठोकलेले, न हलणारे घर हवे असते, जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, मांजराला उडी घेता येईल असा कठडा जवळ नसलेले. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून तीन-चार पेट्या जवळजवळ लावल्या तरी चालते. दयाळ आणि वल्गुली यांच्या बाबतीत हे चालत नाही. ते आपली हद्द राखणारे पक्षी असल्याने एका आवारात दोन पेट्या लावणे म्हणजे एक फुकट घालवणे.

मापांच्या या शास्त्रात मला सर्वांत मनोरंजक वाटते ती गोष्ट अशी, की आपण ज्या पाखरासाठी दार कोरतो त्याच पाखरासाठी दुसऱ्या मुलखात ते बुजवले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कनजीक ब्रुकलिन येथे युरोपातून आणून सोडलेल्या चिमण्या अमेरिकाभर पसरल्या, आणि तेथील निळ्या पाखरांच्या, म्हणजे ज्यांना ते ‘ब्लूबर्ड’ म्हणतात त्यांच्या, घरांवर त्यांनी जबरीने कबजा केला. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात युजीन शिफेलिन या गृहस्थाने युरोपीय भोरड्या सोडल्या आणि दुसरे संकट आणले. ब्लूबर्डसाठी तिकडे दीड इंचाचे दार ठेवतात. त्यातून भोरडी शिरत नाही, पण चिमणी मात्र आरामात शिरते, कारण ती ब्लूबर्डहून लहान. मोठ्याला रोखणे भोकाला जमते. लहानाला रोखणे त्याला कधीच जमत नाही. उलट चिमणीहूनही लहान अशा चिकडी नावाच्या इवल्या पक्ष्याचे दार त्यांनी आकसवून सव्वा इंचावरून १ १/८ इंचावर, सुमारे २८ मिलिमीटरांवर आणले. चिमणी आणि चिकडी यांच्या वास्तव्याचा निकाल एक-अष्टमांश इंच लावतो! तिकडे ऑस्ट्रेलियात १८६२ च्या सुमारास मेलबर्नला किड्यांच्या बंदोबस्तासाठी नेलेल्या आपल्या साळुंकीने असाच धुमाकूळ घातला, आणि आज जगातील अत्यंत उपद्रवी परकीय प्राण्यांच्या यादीत तिची गणना होते. पोपटांसाठी पेट्या करणारे तेथील लोक साळुंकीला दार सापडू नये म्हणून त्याच्यासमोर आडवी फळी बसवतात. आपल्या अंगणात हक्काने दाणे टिपणाऱ्या या दोघींची परदेशात अशी अपकीर्ती व्हावी हे ऐकून वाईट वाटते, पण त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना जहाजात घालून नेणाऱ्यांचा आहे.

आपल्याकडच्या इतर पक्ष्यांची मापे चिमणीइतकी पक्की ठरलेली नाहीत, आणि त्यांत अदमासाला जागा आहे. सह्याद्रीच्या झाडीत, खंडाळा-महाबळेश्वरच्या बाजूला घर असेल तर राखी वल्गुलीसाठी २८ मिलिमीटरांचे दार करून पाहावे. चिमणीहून लहान असा हा चपळ पक्षी किडे खाण्यात बागवानाचा मोठा मित्र आहे. खरा पेच आहे तो दयाळाचा. गाण्यात त्याची बरोबरी करणारा पक्षी आपल्या बागांत विरळा, आणि तो मार्च ते जुलै या काळात पेटीत सुखाने घरटे करतो. पण त्याला पन्नास-साठ मिलिमीटरांचे दार लागते, आणि नेमक्या त्याच दारातून साळुंकीही आत जाते. भोकाने सुटणारा हा प्रश्न नव्हे. दयाळाची पेटी दाट झाडाच्या सावलीत, मधल्या उंचीवर ठेवावी, साळुंक्यांचा राबता असलेल्या मोकळ्या छपराजवळ ठेवू नये, आणि पुढे जे होईल ते शांतपणे पाहावे. साळुंकीच आली तर तिलाही राहू द्यावे. कागदाचे कपटे, पिसे आणि क्वचित सापाची कात घालून ती जो पसारा मांडते तो पाहण्याजोगा असतो.

पोपटाला सुमारे तीन इंचांचे दार आणि खोल पेटी लागते, आणि त्याचा हंगाम इतरांच्या आधी, हिवाळा सरता सरता सुरू होतो. म्हणून त्याची पेटी मार्गशीर्षातच चढवावी. त्याला लाकूड कुरतडण्याची खोड असल्याने दाराभोवती पत्र्याची चकती ठोकणे बरे. हीच चकती चिमणीच्या पेटीलाही लावली तर खार दार रुंद करू शकत नाही. पोपटाची पेटी लावणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी की त्यातली पिल्ले काढून पिंजऱ्यात घालणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग पेटी स्वतःच्या पैशाची का असेना. पिंगळ्याची गरज पोपटाच्याच मापाची किंवा किंचित मोठी. जुन्या आंब्या-वडाच्या ढोलीवरून पोपट आणि पिंगळा यांच्यात फौजदारी होण्याचे कारण हेच. पिंगळ्याला अशुभ मानण्याची जुनी समजूत असल्याने त्याच्यासाठी पेटी लावण्याआधी शेजाऱ्यांची कबुली घेणे शहाणपणाचे. गव्हाणी घुबडाला तर सहा इंचांचे दार आणि लहानशा संदुकीएवढी पेटी पाहिजे, पण ते जे भाडे देते ते कोणीही देणार नाही: उंदीर. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्राएलमधील शेतांवर या घुबडासाठी मोठ्या प्रमाणावर पेट्या लावल्या गेल्या त्या पुण्यकर्म म्हणून नव्हे, पीक वाचवण्यासाठी. आपल्या ऊसभातवाल्या शेतकऱ्यांनी याची दखल घ्यावी असे फार वाटते.

लाकूड आणि दिशा यांविषयी थोडेसे. फळी पाऊण इंच जाडीची, रंग न दिलेली असावी. निदान आतून तरी रंग वा वार्निश नको. पातळ प्लायवूडचे थर पहिल्याच पावसात सुटतात, पुठ्ठ्याचे तर बोलायलाच नको. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी टिकते खरी, पण विदर्भातल्या वैशाखात ती पिल्लांची भट्टी होते. मडके थंड राहते आणि चिमण्या त्यात येतातही. फक्त त्याचे तोंड वरून झाकून बाजूला सव्वा इंचाचे भोक सावकाश कोरण्याचे कौशल्य पाहिजे. छपराखाली दोन्ही बाजूंनी हवेची बारीक भोके आणि तळाच्या कोपऱ्यांत पाणी निथळण्याची भोके ठेवावीत. दार पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येकडे कधी नसावे: दुपारचे ऊनही तिकडूनच येते आणि मोसमी पावसाचा मारही तिकडूनच. उत्तर ते पूर्व या टापूतली कोणतीही दिशा चालेल. एक फळी बिजागरीवर किंवा स्क्रूवर उघडणारी ठेवावी, म्हणजे पिल्ले उडून गेल्यावर जुने घरटे काढून आतून उकळते पाणी फिरवता येते. गोचीड-पिसवा मारण्यासाठी औषधे फवारू नयेत. चिमणी वर्षात अनेकदा वीण काढते, म्हणून साफसफाईपूर्वी आत कोणी नाही याची खातरजमा करावी.

२०१० पासून दर २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून तो सुरू झाला, आणि त्या निमित्ताने शाळाशाळांतून पेट्या वाटल्या जातात. हे चांगलेच आहे. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालानुसार देशभर पाहता चिमण्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे आणि घट आहे ती मुंबईसारख्या महानगरांत; तेव्हा महानगरात नुसते भोक पुरे पडणार नाही. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना पहिले काही दिवस मऊ अळ्या-किडेच भरवते. जिथे फरसबंद अंगणात एकही देशी झुडूप नाही आणि आठवड्याला कीटकनाशकाचा धूर सोडला जातो, तिथे मापात अचूक असलेली पेटीही रिकामीच राहील. कण्हेरी-जास्वंदीचे कुंपण, एखादा मेंदीचा ताटवा, आणि धूळस्नानासाठी हातभर मोकळी माती एवढी तजवीज पेटीच्या जोडीला करावी.

आणि नवी इमारत बांधणाऱ्यांना पेटीचीदेखील गरज नाही. गिलावा करण्यापूर्वी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या मजल्यावर छज्ज्याखाली, एक वीट कमी ठेवून मागे पोकळी सोडावी आणि तोंडाशी पाण्याच्या नळाचा बोटभर तुकडा बसवावा. पीव्हीसी नळ बाहेरून मोजला जातो, म्हणून ३२ चा नळ मागितला तर आतले भोक चिमणीला अपुरे पडते; ४० चा मागावा. तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवायला गवंड्याला सांगावे, नाही तर पहिल्या वळवातच आत पाणी साचेल.